घोड्याचं गणित आणि मनाचं विज्ञान

१९०४ साली बर्लिनमध्ये एक घोडा गणितं सोडवत होता. त्याचं नाव हान्स. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितशिक्षक. बारातून पाच गेले किती, असं विचारलं की हान्स सात वेळा खूर आपटायचा आणि थांबायचा. अपूर्णांक, तारखा, घड्याळातली वेळ, सगळं त्याला यायचं. मालक खेळाचे पैसे घेत नव्हते आणि काही लपवतही नव्हते. ते जवळ नसताना परक्या माणसाने विचारलं तरी उत्तर बरोबर यायचं. अखेर एक समिती बसली. तीत सर्कशीतला जाणकार होता, पशुवैद्य होता, आणि समितीचे प्रमुख होते कार्ल श्टुम्फ हे मानसशास्त्राचे प्राध्यापक. समितीने निर्वाळा दिला की यात कुठलीही हातचलाखी नाही.

समितीचं म्हणणं खरंच होतं. हातचलाखी नव्हतीच. तरीही घोड्याला गणित येत नव्हतं.

हे उलगडलं ते श्टुम्फ यांचा विद्यार्थी ऑस्कर फुंग्स्ट याने. त्याची नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण होती म्हणून नव्हे, टक लावून पाहणारे त्याच्याआधीही पुष्कळ होऊन गेले होते. फुंग्स्टने एका वेळी एकच गोष्ट बदलली. कधी विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल, कधी नसेल, अशी व्यवस्था केली. कधी घोड्याला विचारणारा दिसेल, कधी झापडांमुळे दिसणार नाही. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असलं तर हान्स बहुतेक वेळा बरोबर, नसलं तर टापा भलत्याच आकड्यावर जाऊन थांबायच्या. झापडं लावली की तीच गत. कारण असं निघालं की टापा बरोबर आकड्याजवळ पोचल्या की विचारणारा नकळत ताणला जायचा, आणि आकडा आला की त्याचं डोकं किंचित, अगदी दिसेल न दिसेल इतकं, वर व्हायचं. हान्स तिथे थांबायचा. गणित माणूसच करत होता, घोडा फक्त माणूस वाचत होता.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडतो. फुंग्स्टने हा प्रकार प्रयोगशाळेत नेला आणि घोड्याची जागा स्वतः घेतली. समोरच्याने मनात एक आकडा धरायचा, फुंग्स्टने हाताने टापा द्यायच्या आणि त्याच्या डोक्याकडे पाहून थांबायचं. बहुतेकांचा आकडा तो ओळखू शकला, आणि आपण काही इशारा दिला हे त्या लोकांच्या गावीही नव्हतं. १९०७ साली त्याचा अहवाल पुस्तकरूपाने आला.

मानसशास्त्र हे विज्ञान आहे का, हा प्रश्न अनेकदा ‘त्यांच्याकडे सूत्रं आहेत का’, ‘यंत्रं आहेत का’ अशा अंगाने विचारला जातो. मला तो रस्ता चुकलेला वाटतो. या विषयाची वैज्ञानिकता बर्लिनच्या त्या अंगणात दिसते. प्रामाणिक, हुशार, अनुभवी माणसं डोळे उघडे ठेवूनही फसतात, आणि त्यांना फसण्यापासून वाचवणाऱ्या युक्त्या शोधाव्या लागतात. मानसशास्त्राच्या संशोधनपद्धती म्हणजे दीडशे वर्षांत जमलेल्या अशा युक्त्यांचा साठा. त्यातली बहुतेक प्रत्येक युक्ती कुणाच्या तरी फजितीनंतर आलेली आहे.

न दिसणारं कसं मोजायचं

जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८६ साली लिहून ठेवलं होतं की मनाचा अभ्यास खऱ्या अर्थाने विज्ञान होऊ शकणार नाही, कारण आतल्या अनुभवाला गणित लावता येत नाही. आक्षेप वजनदार होता. विचाराला लांबी नसते, भीती तराजूत घालता येत नाही.

या अडचणीतून वाट निघाली ती आडमार्गाने. १८५०मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या चेतातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. तोवर हा वेग मोजण्यापलीकडचा समजला जात होता. प्रत्यक्षात तो सेकंदाला तीसेक मीटर भरला. मग १८६८मध्ये डच शरीरशास्त्रज्ञ डोंडर्स याला एक साधीशी कल्पना सुचली. दिवा लागताच कळ दाबा, असं सांगून किती वेळ लागतो ते मोजायचं. मग दोन दिवे ठेवायचे आणि डावा लागला तर डाव्या हाताने, उजवा लागला तर उजव्या हाताने कळ दाबा, असं सांगायचं. दुसऱ्या कामाला जास्त वेळ लागतो. दोन्ही वेळांची वजाबाकी केली की ‘कोणता दिवा’ हे ओळखून निवड करायला मनाला किती वेळ लागला, ते हाती येतं. या वजाबाकीवर पुढे बरेच आक्षेप निघाले, पण दार उघडलं होतं. विचार दिसला नाही तरी त्याला लागणारा वेळ घड्याळावर दिसू शकतो.

जर्मन शास्त्रज्ञ फेख्नरने १८६०मध्ये संवेदनांचं गणित मांडलं होतंच. हातातल्या १०० ग्रॅम वजनात दोन-तीन ग्रॅमची भर पडली तर ती कळू शकते. एक किलोच्या वजनात तेवढीच भर कळत नाही, तिथे वीस-तीस ग्रॅम लागतात. म्हणजे जाणवणारा फरक मूळ वजनाच्या प्रमाणात वाढतो. कांटच्या आक्षेपाला मिळालेलं हे पहिलं सणसणीत उत्तर.

१८७९मध्ये विल्हेल्म वुंटने लाइपझिग विद्यापीठात प्रयोगशाळा सुरू केली, आणि मानसशास्त्राचा जन्म बहुतेक पुस्तकांत त्या वर्षी नोंदला जातो. तिथल्या पद्धतींपैकी एक होती अंतर्निरीक्षण, म्हणजे प्रशिक्षित माणसाने स्वतःच्या मनात काय घडतंय ते पाहून सांगायचं. ऐकायला रास्त वाटतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भांडण लागलं. व्यूर्त्सबुर्गमधले संशोधक म्हणू लागले की मनात कुठलंही चित्र न उमटता विचार करता येतो, आमच्या लोकांना तसं आढळलं. अमेरिकेत कॉर्नेलला टिचनर म्हणाला की छे, आमच्या लोकांना चित्रं आढळतात, तुमच्या माणसांना नीट पाहता येत नाही. वाद मिटण्याची सोयच नव्हती. प्रत्येकाचा साक्षीदार त्याच्या स्वतःच्या डोक्यात बसलेला, आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी दुसरा कुणी घेऊ शकत नव्हता.

१९१३मध्ये जॉन वॉटसनने हा सगळा पसारा टाकून द्या म्हणून सांगितलं. जे सगळ्यांना दिसतं ते वर्तन, तेवढंच मोजा. वॉटसनने नहाण्याच्या पाण्याबरोबर बाळही फेकून दिलं असं म्हणायला जागा आहे, कारण स्मृती, लक्ष, भाषा हे विषय पुढची काही दशकं अडगळीत पडले. पण त्याची एक अट टिकली. दावा मनाबद्दलचा असला तरी पुरावा असा हवा की जो दुसऱ्यालाही तपासता येईल.

त्यामुळे आज मानसशास्त्रज्ञ ‘चिंता’ असा शब्द वापरतो तेव्हा ती कशी मोजली हे त्याला सांगावंच लागतं. विशिष्ट प्रश्नावलीतले गुण, हृदयाचे ठोके, तळहाताला सुटणारा घाम, टाळाटाळ करण्यात गेलेला वेळ, यातलं काहीही चालेल, पण ठरवून आणि उघडपणे. यातलं काहीच म्हणजे पूर्ण चिंता नव्हे. पण तापमापीतला पारा म्हणजे तरी कुठे उष्णता असते!

मोजमापाचं एक उदाहरण घरबसल्या करता येईल. ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहा, ‘हिरवा’ हा शब्द पिवळ्या शाईत, अशी वीसेक शब्दांची यादी करा, आणि शब्द न वाचता शाईचा रंग भराभर सांगत जा. जीभ अडखळते. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते थांबवता येत नाही, आणि ते रंग सांगण्याच्या आड येतं. जॉन स्ट्रूपने १९३५मध्ये हे सेकंदांत मोजून दाखवलं. आपलं लक्ष आपल्या पूर्ण ताब्यात नसतं हे कुणीही म्हणेल, स्ट्रूपमुळे ते किती नसतं ते सांगता येतं.

चुकू शकणारा दावा

नुसतं मोजणं मात्र पुरेसं नाही. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने विसाव्या शतकात एक कसोटी मांडली, ती इथे फार उपयोगाची आहे. त्याने दोन माणसं कल्पिली. एक जण मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलतो, दुसरा मुलाला वाचवताना स्वतःचा जीव देतो. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याच्या सिद्धांतानुसार पहिल्याची काही इच्छा दडपली गेली आहे आणि दुसऱ्याने त्याच इच्छेचं उदात्तीकरण साधलं आहे, म्हणजे ती चांगल्या कामाकडे वळवली आहे. मानसशास्त्रज्ञ ॲडलरच्या सिद्धांतानुसार दोघांनाही न्यूनगंड आहे. एकाला गुन्हा करण्याचं धाडस सिद्ध करायचं होतं, दुसऱ्याला वाचवण्याचं. माणूस काहीही वागो, सिद्धांत बरोबरच ठरतो. पॉपरच्या मते हेच त्या सिद्धांतांचं दुबळेपण. काय घडलं तर मी चूक ठरेन, हे जो दावा आधी सांगू शकत नाही, तो वैज्ञानिक नव्हे.

फ्रॉइडबद्दल लोकांची मतं टोकाची असतात आणि त्या वादात मी शिरत नाही. पण इथून एक गोष्ट स्पष्ट होते. मानसशास्त्राच्या नावाखाली जे जे खपतं ते सगळं या कसोटीला उतरत नाही. बर्ट्रम फोररने १९४९मध्ये एक प्रयोग छापला. त्याने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं वर्णन दिलं: तुम्हाला इतरांची पसंती हवीशी वाटते, तुमच्यातल्या बऱ्याच क्षमता अजून वापरल्या गेलेल्या नाहीत, वरून शिस्तशीर दिसता पण आतून कधी कधी धाकधूक वाटते, वगैरे. वर्णन किती नेमकं आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं बरीचशी भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती.

म्हणून ‘माझं वर्णन अगदी तंतोतंत जुळलं’ हा चाचणी चांगली असल्याचा पुरावा होत नाही. चाचणीला दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तीच चाचणी त्याच माणसाने काही आठवड्यांनी दिली तर तोच निकाल येतो का? आणि ती जे मोजते म्हणते, तेच मोजते का? पहिलीला विश्वसनीयता म्हणतात, दुसरीला सप्रमाणता. माणसांना ठोक प्रकारांत बसवणाऱ्या कित्येक लोकप्रिय चाचण्या पहिल्याच पायरीवर घसरतात. काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच लोकांचा ‘प्रकार’ बदलतो.

प्रयोग

कार्यकारणाबद्दल काही ठामपणे बोलायचं तर प्रयोगासारखं साधन नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४चा प्रयोग मला नेहमी नमुनेदार वाटतो, कारण तो इतका साधा आहे. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नातलं क्रियापद तेवढं बदललं. काहींना विचारलं की गाड्या ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं की ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा किती होता. पहिल्या गटाची सरासरी ताशी सुमारे ४० मैल, दुसऱ्याची सुमारे ३२. फिती त्याच होत्या.

दुसऱ्या टप्प्यात १५० जण घेतले. आठवड्याने त्यांना विचारलं की अपघातात फुटलेली काच दिसली होती का? काच कुठेच नव्हती. ‘चक्काचूर’वाल्या ५० जणांपैकी १६ जणांनी हो म्हटलं, ‘धडकल्या’ असं सौम्य क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी ७, आणि ज्यांना वेगाबद्दल काहीच विचारलं नव्हतं त्या ५० जणांपैकी ६ जणांनी. हा शेवटचा गट म्हणजे नियंत्रित गट. तो नसता तर १६ हा आकडा मोठा की लहान हे कळलंच नसतं. काहीच न करता किती लोक काच ‘आठवतात’, हे आधी ठाऊक हवं.

आणखी एक गोष्ट इथे गुपचूप काम करते. कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं, निव्वळ योगायोगावर सोडलेलं असतं. कुणाची स्मरणशक्ती चांगली, कुणी स्वतः गाडी चालवणारा, कुणी घाबरट. हे सगळे फरक गटांमध्ये आपोआप साधारण सारखे वाटले जातात. संशोधकाला जे फरक माहीत आहेत तेही, आणि जे त्याच्या स्वप्नातही आले नसतील तेही. ही कल्पना शेतीच्या प्रयोगांतून संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने प्रसिद्ध केली खरी, पण त्याआधी कितीतरी वर्षं, १८८५मध्ये, चार्ल्स पर्स आणि जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनातले सूक्ष्म फरक ओळखण्याच्या मानसशास्त्रीय प्रयोगात पत्ते पिसून क्रम ठरवला होता. हे श्रेय या विषयाला क्वचितच दिलं जातं.

प्रयोग करणाऱ्याच्या स्वतःच्या अपेक्षेवरही पहारा लागतो. रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी १९६३मध्ये काही विद्यार्थ्यांना उंदीर दिले आणि त्यांना चक्रव्यूहातून वाट शोधायला शिकवा म्हणून सांगितलं. निम्म्यांना सांगितलं की तुमचे उंदीर हुशार वाणाचे आहेत, निम्म्यांना सांगितलं मठ्ठ वाणाचे. उंदीर सगळे एकाच प्रकारचे होते. तरी ‘हुशार’ उंदीर चांगले शिकले. विद्यार्थी त्यांना बहुधा हळुवारपणे, आशेने हाताळत होते. म्हणून आज शक्य तिथे, कोण कोणत्या गटात आहे हे सहभागी माणसापासूनही लपवतात आणि मोजणाऱ्यापासूनही.

जिथे प्रयोग चालत नाही

लहानपणच्या मारहाणीचा मोठेपणी काय परिणाम होतो, हे तपासायला कुणी मुलांचे दोन गट पाडून एकाला मारणार नाही. नैतिकतेची ही कुंपणं सुरुवातीपासून होती असं समजू नका. वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२०मध्ये अल्बर्ट या टोपणनावाच्या तान्ह्या मुलाला मोठे आवाज करून पांढऱ्या उंदराची भीती घातली आणि ती काढली नाही. स्टॅन्ली मिलग्रमच्या १९६३च्या शोधनिबंधातले ४० पुरुष दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देत आहेत असं समजत होते. झटके खोटे होते, पण २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले, आणि त्यांना झालेला मनस्ताप खरा होता. आता अशा प्रयोगाला नीतिसमितीची मंजुरी मिळणं अवघड आहे. सहभागी माणसाची माहितीपूर्वक संमती, मध्येच सोडून जाण्याची मुभा, आणि फसवणूक केलीच तर शेवटी सगळं खरं सांगणं, हे आज नियम आहेत.

मग उरतात इतर वाटा. निरीक्षण, मुलाखती, सर्वेक्षणं या सगळ्यांना आपापली दुखणी आहेत. पाहिलं जातंय हे कळलं की माणसं वेगळी वागतात; सर्वेक्षणात जे शोभेल ते सांगतात. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर कमीजास्त होतात का ते पाहणं, ही सगळ्यात वापरली जाणारी आणि सगळ्यात चुकीची वाचली जाणारी वाट. प्राथमिक शाळेतल्या मुलांचं बुटांचं माप आणि वाचनाची क्षमता यांचा चांगला सहसंबंध सापडेल. मोठे बूट घातले म्हणून कुणी चांगलं वाचत नाही. दोन्हींच्या मागे वय असतं. हे उदाहरण हसून सोडून देता येतं. पण ‘जास्त वेळ मोबाइल पाहणारी मुलं जास्त उदास असतात’ ही बातमी वाचताना तोच प्रश्न सुचत नाही. मोबाइलमुळे उदास, की उदास म्हणून मोबाइल, की घरातली तिसरीच एखादी गोष्ट दोन्हींच्या मुळाशी?

काळाचा धागा हाती असला तर सहसंबंधही बरंच बोलतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास सुरू झाला तो अजून चालू आहे, आणि हयात असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जण पंचेचाळिशीतही तपासणीला आले. लहानपणी स्वतःवर ताबा कमी असलेल्यांना मोठेपणी आरोग्याच्या आणि पैशांच्या अडचणी जास्त आल्या, आणि बुद्ध्यंक व घरची परिस्थिती हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. कारण सिद्ध झालं असं यावरूनही म्हणता येत नाही, पण पर्यायी स्पष्टीकरणं एकेक करून बाद होत जातात.

आणि कधी एकच माणूस पुरतो. हेन्री मोलेसनच्या अपस्मारावर, म्हणजे फिट येण्याच्या आजारावर, उपाय म्हणून १९५३मध्ये त्याच्या मेंदूचे काही भाग काढले गेले, आणि नवीन आठवणी साठवणं त्याला अशक्य झालं. ब्रेंडा मिलनरने त्याला आरशात पाहून ताऱ्याच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायला लावली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला, पण दर वेळी त्याला वाटायचं की हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. हात शिकत होता, आणि शिकल्याची आठवण कुठेच नव्हती. स्मृती ही एकसंध गोष्ट आहे ही समजूत तिथे मोडली. असं होत नाही म्हणणाऱ्याला एक उदाहरण पुरतं. असंच होतं म्हणणाऱ्याला पुरत नाही.

स्वतःचीच झडती

आता अवघड जागी येऊ. प्रयोगात दोन गटांत फरक दिसला, तर तो योगायोगाने दिसला नाही कशावरून? त्यासाठी हिशेब करतात की खरं तर काहीच परिणाम नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता किती. ती ५ टक्क्यांच्या खाली आली तर निकाल ‘लक्षणीय’ म्हणायचा रिवाज पडला. रिवाजच तो, निसर्गाचा नियम नव्हे. आणि त्याचा अर्थ ‘सिद्धांत ९५ टक्के खरा’ असा मुळीच होत नाही, जरी कित्येक शिकलेली माणसं तो तसा लावतात.

या रिवाजात एक भोक होतं. २०११मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसोन या तिघांनी ते उघडं पाडलं. एक विशिष्ट गाणं ऐकल्याने माणसाचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी होतं, असं त्यांनी ‘सिद्ध’ केलं. वाटतं असं नव्हे, खरंच कमी होतं! आकडे खरे होते. त्यांनी एवढंच केलं की बऱ्याच गोष्टी मोजल्या आणि सोयीच्या तेवढ्या सांगितल्या, मधूनमधून निकाल पाहत राहिले, आणि मनासारखा आला तिथे थांबले. त्या काळी यातलं काहीही लबाडी समजलं जात नव्हतं. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर खोटा ‘लक्षणीय’ निकाल मिळण्याची शक्यता ५ वरून ६१ टक्क्यांच्या आसपास जाते, हे त्यांनी दाखवलं.

त्याच वर्षी डॅरिल बेम या नामवंत मानसशास्त्रज्ञाने नऊ प्रयोगांचा निबंध छापला की माणसांना पुढे घडणाऱ्या गोष्टींची चाहूल लागते. नियतकालिक प्रतिष्ठित, पद्धत तेव्हाच्या मानाने नियमात बसणारी. दुसऱ्यांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि काही सापडलं नाही, तेव्हा त्या नियतकालिकाने, आम्ही पुनरावृत्ती छापत नाही, असं सांगून तो निबंध परत केला. अनेकांना धक्का बसला तो बेमच्या निष्कर्षापेक्षा या उत्तराचा.

मग २०१५ साली मोठा हिशेब झाला. अनेक देशांतल्या संशोधकांनी मिळून तीन नियतकालिकांतले १०० अभ्यास पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत लक्षणीय निकाल होता. पुनरावृत्तीत तो ३६ टक्क्यांतच आला, आणि परिणामाचा आकार सरासरीने निम्म्यावर घसरला. इच्छाशक्ती वापरली की ती इंधनासारखी संपत जाते, ही कल्पना शेकडो निबंधांत आणि त्याहून जास्त भाषणांत मिरवत होती. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक लोकांवर तिची चाचणी घेतली तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला.

‘बघा, म्हणूनच हे विज्ञान नव्हे’ असं म्हणणारे तेव्हा पुढे सरसावले. मला नेमकं उलटं वाटतं. ही झडती बाहेरच्या कुणी घेतली नाही. मानसशास्त्रज्ञांनी मानसशास्त्राची घेतली, आकड्यांनिशी, आणि निकाल जाहीर केले. ज्योतिषाने असं काही केल्याचं मला तरी माहीत नाही. त्यानंतर पद्धती बदलल्या. प्रयोगाआधीच अपेक्षा काय, काय मोजणार, किती माणसं घेणार, विश्लेषण कसं करणार हे लिहून सार्वजनिक नोंदवहीत ठेवायचं, म्हणजे नंतर बाण लागेल तिथे वर्तुळ काढता येत नाही. काही नियतकालिकं तर योजना वाचूनच निबंध स्वीकारतात. निकाल काहीही लागो, छापणार. आकडेवारी इतरांना तपासायला खुली ठेवायची. काटेकोरपणात आज हा विषय कित्येक शेजाऱ्यांच्या पुढे गेला आहे, असं माझं मत आहे.

एक त्रुटी मात्र अजून मोठी आहे. २००८मध्ये केलेल्या एका पाहणीत आघाडीच्या मानसशास्त्रीय नियतकालिकांतले ९६ टक्के सहभागी पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले आढळले. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा १२ टक्के. त्यातही भरणा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा, कारण ते जवळ असतात. याने बिघडतं काय? टोकांना आत आणि बाहेर वळलेले बाण असलेल्या दोन सारख्या रेघा आठवा, ज्यातली एक लांब वाटते. हा तर निव्वळ डोळ्यांचा खेळ, सगळ्यांना सारखाच दिसत असणार, असं वाटेल. १९६६मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकी विद्यार्थी या भ्रमाला भरपूर बळी पडले, आणि कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांना तो जवळजवळ जाणवलाच नाही. रेघेच्या लांबीची ही कथा, तर लाज, न्याय, प्रेम यांबद्दल एका खंडातल्या विशीतल्या मुलांवरून मानवजातीविषयी बोलताना किती जपावं लागेल!

आणखी एक मर्यादा दोष म्हणून सांगण्यासारखी नाही, पण वाचकांची निराशा तिथेच जास्त होते. मानसशास्त्राचे बहुतेक निष्कर्ष गटांच्या सरासरीबद्दल असतात. अमुक उपचाराने नैराश्य कमी होतं याचा अर्थ उपचार घेतलेला गट न घेतलेल्यापेक्षा सरासरीने बरा निघाला, इतकाच. तुमच्या चुलतभावाला गुण येईल का, हे त्यातून पक्कं सांगता येत नाही. वैद्यकाचंही असंच असतं, पण तिथे कुणी त्याला विज्ञान म्हणायला कचरत नाही.

२०१५च्या त्या हिशेबात एक तपशील बातम्यांमधून निसटला. आकलन, स्मृती, लक्ष या विषयांतले साधारण निम्मे अभ्यास टिकले; सामाजिक मानसशास्त्रातले पावच. एक कारण उघड आहे. स्मृतीच्या प्रयोगात एकाच माणसाची शेकडो मोजमापं घेता येतात आणि तो स्वतःचीच तुलना बनतो. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हेरमान एबिंगहाउस. त्याने १८८५मध्ये छापलेल्या अभ्यासात सहभागी माणूस एकच, तो स्वतः. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा, आणि पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला ते मोजायचं. २० मिनिटांनी ५८ टक्के बचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, आणि ३१ दिवसांनीही २१. विसरणं आधी भराभर आणि मग संथ होत जातं, हे त्या वक्ररेषेने दाखवलं.

तब्बल १३० वर्षांनी, २०१५मध्ये, याप मुरे आणि युरी ड्रोस या डच संशोधकांनी तो प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला. पुन्हा एकच माणूस, तशाच याद्या, पाठांतरात सुमारे ७० तास. रेषा एबिंगहाउसच्या रेषेशी बरीच जुळली. एके ठिकाणी मात्र ती नुसती उतरत न जाता किंचित वर उचललेली दिसली, २४ तासांच्या बिंदूवर. मधल्या रात्रीच्या झोपेने आठवण पक्की केली असावी, असा त्यांचा अंदाज आहे. तो खरा का, हे तपासायला पुन्हा तेच करावं लागेल: याद्या पाठ करायच्या, पण या वेळी निम्म्यांना मध्ये झोपू द्यायचं आणि निम्म्यांना नाही, आणि कुणी झोपायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.